डेटनची बाजारपेठ : नगरकेंद्रातून महामार्गाच्या कडेला

विमानाचा शोध लावणाऱ्या राईट बंधूंचे गाव आणि बोस्नियातील युद्ध थांबविणारा १९९५ चा शांतता करार ज्याच्या लगतच्या हवाई तळावर ठरला ते शहर, एवढीच अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन शहराची ओळख भारतीय वाचकांना साधारणपणे असते. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील औद्योगिक शहरे कशी रिती होत गेली, त्यांच्याभोवती उपनगरांचा पसारा कसा वाढला आणि या उलथापालथीत शॉपिंग मॉलने कोणती भूमिका बजावली, हे समजून घेण्यासाठी डेट्रॉईट अथवा क्लीव्हलँडसारख्या महानगरांपेक्षा डेटनसारखे मध्यम आकाराचे शहर अधिक उपयोगी पडते. डेट्रॉईटची कहाणी अतिभव्य असल्याने तिच्यातील यंत्रणा नजरेआड होते. डेटनमध्ये ती उघडी दिसते.

१९६० च्या जनगणनेत डेटनची लोकसंख्या २ लाख ६२ हजार ३३२ होती. २०२० मध्ये ती १ लाख ३७ हजार ६४४ इतकी नोंदली गेली. म्हणजे साठ वर्षांत शहराने आपले जवळपास निम्मे रहिवासी गमावले. मात्र डेटन आणि त्याच्या आसपासच्या तीन काऊंटी (काऊंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्हा) मिळून होणाऱ्या परिसराची लोकसंख्या १९७० पासून आठ लाखांच्या आसपासच स्थिर राहिली आहे. माणसे परिसर सोडून गेली असे नव्हे. ती शहराची हद्द ओलांडून गेली. तेवढ्याच लोकसंख्येसाठी नवे रस्ते, नव्या जलवाहिन्या, नव्या शाळा आणि नवी दुकाने उभी राहिली आणि जुनी तशीच मागे पडली. वाढीविना झालेला विस्तार असेच या प्रक्रियेचे वर्णन करावे लागेल.

गल्लापेटीचे शहर

डेटनचा उत्कर्ष झाला तो दुकानदारीच्याच एका यंत्रामुळे. जॉन पॅटरसन यांनी १८८४ मध्ये येथे नॅशनल कॅश रजिस्टर म्हणजेच ‘एनसीआर’ ही कंपनी उभारली आणि जगभरातील दुकानांच्या गल्ल्यावर डेटनमध्ये तयार झालेली रोख नोंदणी यंत्रे दिसू लागली. जनरल मोटर्सचे अनेक कारखाने आणि फ्रिजिडेअर शीतकपाटांचे उत्पादनही याच परिसरात होत असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या एनसीआरमध्ये सुमारे वीस हजार कामगार होते. शहराच्या मध्यवर्ती भागातील राईक्स हे बहुमजली डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे या कामगारांच्या सुबत्तेचे दृश्य रूप होते. नाताळात त्याच्या दर्शनी खिडक्यांतील हलते देखावे पाहण्यासाठी सहकुटुंब शहरात येण्याचा तेथे प्रघात होता.

यांत्रिक गल्लापेटीची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली आणि १९७० च्या दशकात एनसीआरमधील हजारो जागा संपुष्टात आल्या. पुढे २००९ मध्ये कंपनीने आपले मुख्यालयच जॉर्जिया राज्यात हलविले. शहराला लागून असलेल्या मोरेन येथील जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद पडला. काही वर्षांनी फुयाओ या चिनी काच कंपनीने ती वास्तू घेतली. त्यावरील माहितीपटाला २०२० मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले, हे अनेकांना आठवत असेल.

कारखाने गेल्याने शहर बसले, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. डेटनची लोकसंख्या १९६० नंतरच घटू लागली होती आणि तेव्हा कारखान्यांची धुराडी जोमाने धूर ओकत होती. रहिवासी आणि दुकाने कारखान्यांच्या आधी बाहेर पडली.

मॉलचा उगम

बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा जन्म मध्य-पश्चिमेतच झाला. मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिसजवळच्या इडायना या उपनगरात ऑक्टोबर १९५६ मध्ये साऊथडेल सेंटर सुरू झाले. त्याचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे; १९३८ मध्ये नाझी राजवटीमुळे देश सोडून ते अमेरिकेत आले होते. मोटारींच्या भाऊगर्दीत हरवलेल्या उपनगरांना व्हिएन्नातील चौकासारखे एकत्र येण्याचे ठिकाण मिळावे, मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात मॉल तेवढा बांधला गेला आणि त्याच्या चहूबाजूंना वाहनतळाचे डांबर पसरले. ग्रुएन पुढे व्हिएन्नाला परतले आणि आपल्या नावावर खपविल्या जाणाऱ्या या मॉलचे पितृत्व त्यांनी उतारवयात जाहीरपणे नाकारले.

मॉलचा प्रसार केवळ ग्राहकांच्या आवडीमुळे झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यामागे शासनाचे तीन निर्णय होते आणि त्यातील एकाही निर्णयात मॉल हा शब्द नव्हता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जाला हमी दिली. पण ही हमी प्रामुख्याने नव्या उपनगरांतील घरांच्या वाट्याला आली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोक्याच्या’ ठरवून नकाशावर लाल रंगाने रंगविण्यात आल्या. डेटनच्या पश्चिम भागाच्या वाट्याला हाच लाल रंग आला. १९५४ च्या करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर वेगवान घसारा दाखविण्याची मुभा दिली. नवी इमारत बांधून पहिल्या काही वर्षांत कागदोपत्री तोटा दाखवायचा आणि कर वाचवायचा, हा मार्ग त्यामुळे गुंतवणूकदारांना खुला झाला. जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा शेतजमिनीवर नवी बांधणे फायद्याचे ठरू लागले. तिसरा निर्णय १९५६ च्या महामार्ग कायद्याचा. आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र शासनाने उचलल्यामुळे शहरांच्या वेशीवर, जिथे दोन महामार्ग भेटतात तिथे, लाखो ग्राहकांच्या आवाक्यातील जागा अल्प किमतीत उपलब्ध झाल्या.

तीन दिशांना तीन मॉल

डेटनच्या वायव्येला सेलम ॲव्हेन्यू या मार्गावर १९६६ मध्ये सेलम मॉल उघडला. राईक्सने तेथे आपली शाखा थाटली. दक्षिणेला मायामी टाऊनशिपमध्ये १९७० मध्ये डेटन मॉल सुरू झाला; ओहायोतीलच यंगस्टाऊनच्या एडवर्ड डीबार्टोलो यांच्या कंपनीने तो बांधला. या काळात हे विकासक अमेरिकेतील सर्वांत मोठ्या मॉलबांधकांपैकी एक मानले जात. पूर्वेला बीव्हरक्रीक येथे १९९३ मध्ये फेअरफिल्ड कॉमन्स हा मॉल उभा राहिला. तोपर्यंत आय-६७५ हा वळणमार्ग १९८७ मध्ये पूर्ण झाला होता. हा रस्ता आपला व्यापार आणि रोजगार पूर्वेकडे ओढून नेईल, अशी भीती डेटन शहरात आधीपासून व्यक्त होत होती.

येथे ‘टाऊनशिप’ या शब्दाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे टाऊनशिप म्हणजे बिल्डरने बांधलेली वसाहत. ओहायोमध्ये टाऊनशिप हा स्थानिक स्वराज्याचा जुना ग्रामीण स्तर आहे. ओहायोतील शहरे आपल्या हद्दीत काम करणाऱ्यांच्या वेतनावर प्राप्तिकर लावू शकतात, टाऊनशिपला तो अधिकार नाही. साहजिकच शहराच्या हद्दीबाहेर टाऊनशिपमध्ये गेलेल्या दुकानातील नोकरवर्गावर कर उरत नाही. बीव्हरक्रीक हे १९८० पासून शहर आहे. तरीही तेथे प्राप्तिकर नाही, कारण मतदारांनी तो वेळोवेळी फेटाळला. डेटनच्या मतदारांनी मात्र २०१६ मध्ये आपला कर सव्वादोन टक्क्यांवरून अडीच टक्के करण्यास मान्यता दिली. त्यात बालवाडीच्या शिक्षणासाठी निधी देण्याचाही हेतू होता. गरीब शहराने अधिक कर भरावा आणि सधन उपनगराने कमी, असे हे उलटे गणित आहे.

सेलम मॉलची अखेर या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये, म्हणजे मॉल उघडला त्याच वर्षी, डेटनच्या पश्चिम भागात वांशिक दंगल उसळली. त्यानंतर गोऱ्या कुटुंबांचे स्थलांतर वेगाने झाले. १९७६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शाळांमधील वर्णभेद संपविण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागातील शाळांत पाठविण्याची योजना सुरू झाली. डेटन शिक्षण मंडळाचे हे प्रकरण १९७७ आणि १९७९ असे दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ही योजना शहराच्या शालेय हद्दीपुरतीच असल्याने, ती टाळण्यासाठी हद्दीपलीकडे घर घेणे पुरेसे होते. कृष्णवर्णीय मध्यमवर्गही कालांतराने सेलम ॲव्हेन्यूने वायव्येकडे, ट्रॉटवूड उपनगरात सरकला. मॉलमधील ग्राहक बदलले. त्यांची खरेदीची ताकद संपली नव्हती, तरीही मोठ्या दुकानांनी पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या मॉलना पसंती दिली.

मॉलचे अर्थकारण येथे समजून घ्यायला हवे. मॉलच्या टोकांना असलेली दोन-चार डिपार्टमेंट स्टोअर ग्राहक खेचतात आणि मधल्या लहान दुकानांचे भाडे मॉल पोसते. लहान दुकानांच्या करारात बहुधा एक अट असते : ठरलेले मोठे दुकान बंद पडले, तर भाडे कमी करून घेण्याचा किंवा गाळा सोडण्याचा हक्क त्यांना मिळतो. त्यामुळे एक मोठे दुकान गेले की उत्पन्न एकदम ढासळते, देखभाल थांबते, छत गळू लागते आणि उरलेलेही काढता पाय घेतात. सेलम मॉल २००५ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी पाडण्यात आला. सीअर्सचे दुकान तेवढे काही वर्षे एकाकी उभे होते. आजकाल मॉलच्या मृत्यूचे खापर सरसकट इंटरनेटवर फोडले जाते, परंतु सेलम मॉलचे ग्राहक पळविले ते अन्य मॉलनी. जेवढ्या ग्राहकांवर एक बाजारपेठ चालत होती, तेवढ्यांवर तीन-तीन चालविण्याचा हा परिणाम होता.

नगरकेंद्राचे तर त्याआधीच संपले होते. राईक्सची इमारत नाव बदलत बदलत १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरुंगाने पाडण्यात आली. त्या जागी २००३ मध्ये शुस्टर सेंटर हे भव्य नाट्यगृह उभे राहिले. नाताळच्या सुमारास राईक्सचे जुने देखावे आता तेथे मांडले जातात.

बसथांब्यांचा वाद

ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर डेटनमध्ये थेट केंद्र शासनाला द्यावे लागले. डेटनच्या सार्वजनिक परिवहन संस्थेच्या बस बीव्हरक्रीकच्या फेअरफिल्ड कॉमन्स परिसरापर्यंत पोहोचत, पण आय-६७५ महामार्गाच्या अलीकडेच थांबत. मॉल, आजूबाजूची दुकाने, दवाखाने आणि त्यांतील नोकऱ्या पलीकडे होत्या. प्रवाशांना बसमधून उतरून महामार्गावरील पूल पायी ओलांडावा लागे. हिवाळ्यातील बर्फात आणि भरधाव वाहनांच्या शेजारून, दुकानात पाळीवर जाणाऱ्या कामगाराने हे अंतर रोज कापायचे होते. या बसमधून प्रवास करणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते आणि बीव्हरक्रीकची वस्ती बहुतांशी गोरी.

परिवहन संस्थेने महामार्गापलीकडे पेंटॅगॉन बुलेव्हार्ड या रस्त्यावर तीन थांबे मागितले. नगरपरिषदेने अटींची लांबलचक यादी पुढे केली. थांब्यांवर तापमान नियंत्रित करणारी व्यवस्था आणि टेहळणीचे कॅमेरे असावेत, अशा मागण्या तिच्यात होत्या. परिवहन संस्थेच्या अन्य थांब्यांवर अशी व्यवस्था नव्हती. अखेर २०११ मध्ये परिषदेने प्रस्ताव फेटाळला. त्याविरुद्ध डेटनमधील चर्च आणि सामाजिक संस्थांच्या ‘लीड’ नावाच्या संघटनेने केंद्रीय महामार्ग प्रशासनाकडे तक्रार केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशावरून भेद होईल असे वर्तन करता येत नाही. हेतू भेदाचा होता की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून परिणाम भेदाचा झाला, असा निष्कर्ष प्रशासनाने २०१३ मध्ये काढला. महामार्गांचा निधी धोक्यात येताच परिषदेने माघार घेतली आणि जानेवारी २०१४ मध्ये बस महामार्ग ओलांडून पलीकडे गेली. ज्या महामार्ग निधीने मॉल शक्य केला, त्याच निधीच्या धाकाने तीन बसथांबे मिळाले.

मुंबई-पुण्याकडील वाचकाला हा वाद काहीसा अनाकलनीय वाटेल. मुंबईचे उपनगर लोकल गाडीच्या आधाराने वाढले. अमेरिकेतील उपनगर मोटारीच्या आधाराने वाढले आणि भूवापराच्या नियमांनी घरे, दुकाने व कचेऱ्या एकमेकांपासून दूर ठेवली. या नियमांना सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली तीही ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात, १९२६ मध्ये. त्या युक्लिडमधील मॉलही पाडला गेला असून त्या जागी २०१९ पासून ॲमेझॉनचे गोदाम आहे. ॲक्रन शहरातील रोलिंग एकर्स आणि क्लीव्हलँडजवळचा, एके काळी जगातील सर्वांत मोठा म्हणून मिरविणारा रँडल पार्क मॉल यांचेही असेच गोदामांत रूपांतर झाले आहे.

कराची वाटणी

उपाय काय, यावर मध्य-पश्चिमेतच दोन उदाहरणे आहेत. मिनेसोटाने १९७१ मध्ये कायदा करून मिनीॲपोलिस व सेंट पॉल परिसरातील सात काऊंटींना एक नियम लावला. कोणत्याही गावातील व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर होणाऱ्या वाढीपैकी ४० टक्के भाग सामाईक खात्यात जमा होतो आणि तेथून कमी करक्षमतेच्या गावांना वाटला जातो. मॉल कोणाच्याही हद्दीत गेला तरी शेजाऱ्याच्या हाती काही लागते आणि मॉल पळविण्याची चुरस थोडी मंदावते. पसारा मात्र या कायद्याने थांबला नाही. तो कायद्याचा मुख्य हेतूही नव्हता.

डेटन ज्या माँटगोमेरी काऊंटीत आहे, तिथेही १९९२ मध्ये करवाटणीची योजना सुरू झाली. पण ती ऐच्छिक होती, तिच्यातील रक्कम तुटपुंजी होती, आणि सर्वांत मुख्य म्हणजे ती काऊंटीच्या सीमेवर संपत होती. बीव्हरक्रीक शेजारच्या ग्रीन काऊंटीत आहे. योजना सुरू झाल्यानंतर वर्षभरातच फेअरफिल्ड कॉमन्स उघडला आणि त्याचा एक डॉलरही या योजनेत येण्याचा प्रश्न नव्हता. तीस हजारांहून अधिक लोकांना रोजगार देणारा राईट-पॅटरसन हवाई तळही मुख्यतः त्याच काऊंटीत असल्याने पूर्वेची ओढ अधिकच बळकट झाली.

शहरासारखे उपनगर, उपनगरानंतरचे शहर

२००६ मध्ये बीव्हरक्रीकमध्ये ‘द ग्रीन’ नावाचे नवे व्यापारी केंद्र उघडले. त्याला छत नाही. रस्ते, पदपथ, चौक, कारंजे, खाली दुकाने आणि वर सदनिका अशी त्याची रचना आहे. म्हणजे डेटनच्या मध्यवस्तीत जे होते आणि सोडून दिले गेले, त्याचीच ही खासगी मालकीची प्रतिकृती. दरम्यान जुने मॉल अडचणीत आले. २०१८ हे वर्ष विशेष घातक ठरले : मूळच्या डेटनच्याच एल्डर-बीअरमन साखळीची सर्व दुकाने बंद झाली आणि सीअर्स कंपनी दिवाळखोरीत गेली. डेटन मॉल व फेअरफिल्ड कॉमन्स ज्या वॉशिंग्टन प्राईम समूहाकडे आले होते, त्यानेही जून २०२१ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

मध्यवर्ती डेटनमध्ये मात्र थोडी हालचाल दिसते. २००० मध्ये नदीकाठी बांधलेल्या बेसबॉल मैदानावरील स्थानिक संघाचा प्रत्येक घरचा सामना तेव्हापासून पूर्ण तिकीटविक्रीने होत आला आहे. १९०४ मधील घुमटाकार आर्केड ही जुनी मंडई अनेक वर्षे कुलूपबंद राहिल्यानंतर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. तेथे आता सदनिका, कचेऱ्या आणि विद्यापीठाचे उपक्रम आहेत. मैदान आणि आर्केड ही दोन्ही ठिकाणे नदीच्या पूर्वेला, नगरकेंद्राच्या बाजूला आहेत.

पश्चिम आणि वायव्य भागांना याचा लाभ फारसा झालेला नाही. तेथील गुड समॅरिटन हे जुने रुग्णालय २०१८ मध्ये बंद झाले. एकामागून एक किराणा दुकाने गेल्याने ताजी भाजी आणण्यासाठी दोन बस बदलण्याची वेळ अनेकांवर आली. अखेर रहिवाशांनी वर्षानुवर्षे भागभांडवल जमवून सहकारी तत्त्वावर ‘जेम सिटी मार्केट’ हे किराणा दुकान उभे केले. मे २०२१ मध्ये ते उघडले, सेलम ॲव्हेन्यूवरच. त्या मार्गाने ज्या मॉलकडे कधी काळी सारे शहर जात असे, त्याच्या बऱ्याच अलीकडे, नगरकेंद्रापासून अगदी थोड्या अंतरावर. दुकानासमोर बसथांबा आहे.